क्यूटी फुकट आहे, मग विंडोजवर स्वतः कंपाइल का करायची?

विंडोजवर व्हीएलसीत सिनेमा पाहिलाय? ओबीएसवर गेम रेकॉर्ड केलाय? लॅपटॉपवर टेलिग्राम उघडलंय? मग क्यूटी तुम्ही वापरलेली आहे. या तिन्ही ॲप्सच्या खिडक्या, बटणं आणि मेनू याच लायब्ररीवर उभे आहेत. कोड एकदा लिहायचा आणि विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड अशा प्रत्येकासाठी कंपाइल करायचा, ही तिची खासियत.

क्यूटी ओपन सोर्स आहे. तरीही २०२० पासून तिच्याभोवती एक वाद चालू आहे. डेस्कटॉप ॲप बनवायला शिकणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असायला हवा.

नेमकं काय बदललं?

जानेवारी २०२० मध्ये द क्यूटी कंपनीने तीन गोष्टी जाहीर केल्या. तयार बायनरी हव्या असतील तर क्यूटीचं खातं उघडावं लागेल. ऑफलाइन इन्स्टॉलर फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळेल. आणि दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या एलटीएस आवृत्त्याही त्यांनाच मिळतील. जानेवारी २०२१ पासून ५.१५ आवृत्तीच्या पुढच्या दुरुस्त्या खरोखरच आधी ग्राहकांकडे जाऊ लागल्या.

कंपनीची बाजूही समजण्यासारखी आहे. इंजिनिअरांचे पगार कुठून तरी निघायला हवेत. पण फुकट वापरणाऱ्यांचं काय? इथे एक जुना करार कामी येतो. केडीई हा लिनक्स डेस्कटॉप क्यूटीवर चालतो, म्हणून १९९८ मध्येच केडीई फ्री क्यूटी फाउंडेशन उभं राहिलं. कंपनीने मोफत आवृत्ती काढणं बंद केलं, तर क्यूटी अगदी सैल परवान्याखाली खुली करण्याचा हक्क या फाउंडेशनकडे आहे. म्हणून सोर्स कोड कुलूपबंद होण्याची भीती कमी आहे. ५.१५ च्या ग्राहकांसाठीच्या दुरुस्त्याही वर्षभराने सगळ्यांसाठी खुल्या होत गेल्या.

थोडक्यात, गहू फुकट आहे. दळून दिलेलं पीठ मात्र दुकानदाराच्या अटीवर मिळतं. मग मी ठरवलं, एकदा घरीच दळून बघू.

माझी रात्र

लॅपटॉप जुना, रॅम ८ जीबी. सामान तसं मोजकंच लागतं: व्हिज्युअल स्टुडिओचा सी प्लस प्लस कंपायलर, सीमेक आणि निन्जा. काही मॉड्यूल्सना पायथनही लागतो. काम साध्या कमांड प्रॉम्प्टवर होत नाही. स्टार्ट मेनूतला ‘एक्स ६४ नेटिव्ह टूल्स’ नावाचा प्रॉम्प्ट उघडावा लागतो, नाहीतर कंपायलर सापडतच नाही. मग तीन पायऱ्या: कॉन्फिगर, बिल्ड, इन्स्टॉल.

पहिल्या प्रयत्नात मी सोर्स डॉक्युमेंट्समधल्या फोल्डरच्या पोटातल्या फोल्डरमध्ये ठेवला. विंडोजची जुनी मर्यादा पाथसाठी २६० अक्षरांची आहे, त्यामुळे बिल्ड मध्येच कोसळलं. फोल्डर थेट सी ड्राइव्हवर छोट्या नावाने ठेवला आणि गाडी पुढे सरकली.

दुसरी चूक हावरटपणाची. मी सगळी मॉड्यूल्स निवडली होती. वेबइंजिन नावाच्या मॉड्यूलमध्ये क्रोमियमचा अवाढव्य कोड असतो, आणि जुन्या लॅपटॉपला तो झेपत नाही. शेवटी फक्त क्यूटीबेस घेतलं. खिडक्या आणि बटणांसाठी तेवढं पुरतं. एका वेळी चालणारी कामंही कमी केली, तेव्हा कुठे रॅमला श्वास घेता आला.

पहाटे ॲप चालू झालं! सकाळी ते मित्राच्या लॅपटॉपवर नेलं, तर ‘प्लॅटफॉर्म प्लगइन सुरू करता येत नाही’ असा संदेश. ॲपसोबत क्यूटीच्या डीएलएल फाइल्स द्यायला मी विसरलो होतो. विनडिप्लॉयक्यूटी हे क्यूटीसोबतच येणारं टूल चालवलं, त्याने हव्या त्या फाइल्स गोळा करून दिल्या.

आणखी एक लक्षात ठेवा. मिनजीडब्ल्यू कंपायलरने बनवलेली क्यूटी आणि व्हिज्युअल स्टुडिओचा कंपायलर यांचं जमत नाही. लायब्ररी ज्याने बनवली, ॲपही त्यानेच बनवा.

मग प्रत्येकाने हे करावं का?

नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी खातं उघडून ऑनलाइन इन्स्टॉलर वापरा, काही बिघडत नाही. पायथनवाल्यांना तर पिपने पायसाइड ६ घेता येतं, खातंही लागत नाही. एमएसवायएस २ वरही क्यूटी तयार मिळते.

पण ॲप विकायचं असेल तर परवाना नीट वाचा. एलजीपीएलखाली डीएलएल वेगळ्या ठेवल्या तर नियम पाळणं सोपं जातं. सगळं एकाच एक्झी फाइलमध्ये कोंबलं, तर वापरणाऱ्याला क्यूटी बदलून ॲप पुन्हा जोडता येईल अशी सोय द्यावी लागते. शिवाय क्यूटीची काही मॉड्यूल्स एलजीपीएलखाली नसून जीपीएलखाली आहेत, तीही तपासा.

माझं मत विचाराल तर, एकदा तरी स्वतः बिल्ड करून पाहा. इन्स्टॉलरच्या अटी उद्या पुन्हा बदलू शकतात. तेव्हा सोर्स कोड तुमच्याकडे असेलच, पण तो कंपाइल करता येत नसेल तर ‘ओपन सोर्स’ या शब्दाचा तुम्हाला काय उपयोग?