विश्लेषण : गाळ्यांसमोरची कोंडी कोणी सोडवायची?

बेंबळीसारख्या मोठ्या गावांत ग्रामपंचायतीचे जुने गाळे बांधले गेले तेव्हा गिऱ्हाईक पायी नाही तर सायकलवर यायचे. आता दारात दुचाक्या, पुढे भज्यांची कढई, उरलेल्या जागेत टमटम. तक्रार कुठे करायची, इथेच गल्लत होते. रस्त्यावरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकार १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ५३नुसार ग्रामपंचायतीला आहे. अडथळा करणाऱ्या वाहनावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२नुसार पोलीस कारवाई करू शकतात. बेंबळीत तर पोलीस ठाणे गावातच आहे.

पण नुसती कढई उचलून भागणार नाही. भज्यांचा वास गेला की गिऱ्हाईकही जाते, आणि गाळेभाडे हे ग्रामपंचायतीचेच उत्पन्न. ग्रामसभेने आधी दुचाक्यांसाठी जागा आखून घ्यावी, टपऱ्यांचे मग बघावे.