शेतातल्या प्लॅस्टिकचा खर्च कुणी उचलायचा?



लागणीच्या दिवसांत आम्ही गटागटांतून फिरतो, तेव्हा बांधावर एकच चित्र दिसते. ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी, टोमॅटोचा फाटका मल्चिंग पेपर, औषधांच्या बाटल्या, खताच्या गोण्या. नळ्या भंगारवाला उचलतो, कारण त्यांना भाव आहे. मातीने बरबटलेला २५ मायक्रॉनचा कागद मात्र तो हातात धरत नाही. मग त्याला काडी लागते, नाहीतर तो नांगराखाली जातो. त्याचे तुकडे चाऱ्यातून जनावरांच्या पोटात जातात. पावसात ओढ्या-नाल्यांनी कादवा-गोदावरीला मिळतात आणि नांदूरमधमेश्वरला पोचतात.

२०२२ च्या नियमांनी प्लॅस्टिक वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. त्यात गोण्या-बाटल्या आल्या. मल्चिंग पेपर हे वेष्टन नव्हे, म्हणून त्या नियमांत तो बसला नाही.

नाशिक शहरात दारापर्यंत घंटागाडी येते, तिचा भार सार्वजनिक तिजोरी उचलते. आपल्या बांधावर कोण येतो? टोमॅटो, द्राक्षे, साखर सगळेच खातात. ठिबकने वाचलेल्या पाण्याचा लाभही सगळ्यांनाच. तेव्हा कचऱ्याचा बोजा एकट्या शेतकऱ्यावर टाकणे न्यायाचे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आयर्लंडमध्ये १९९७ पासून शेतातली फिल्म गोळा करण्याची योजना चालते. विकणाऱ्या कंपन्या तिला वर्गणी देतात, शेतकरीही वजनाप्रमाणे थोडे शुल्क भरतो.

पण दुसऱ्यापुढे हात पसरण्याआधी आपला हात खिशात गेला पाहिजे. वार्षिक सभेने टनामागे १ रुपयाचा विचार करावा. ५० टन ऊस घालणाऱ्याला ५० रुपये पडतील. काही मंडळी म्हणतील, "कपातींच्या यादीत आणखी एक भर!" तक्रार रास्त आहे. म्हणून या पैशाचा हिशेब वेगळा ठेवावा, दरवर्षी सभेपुढे मांडावा, आणि काम दिसले नाही तर कपात बंद करावी.

या पैशातून गटवार संकलन करता येईल. सभासदांनी कागद झटकून, वाळवून, गुंडाळून आणावा. बाटल्या तीनदा धुवून, भोक पाडून वेगळ्या ठेवाव्यात. धुतलेले पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे.

एवढे करून दाखवले, की जिल्हा परिषद, बाजार समितीतले खरेदीदार, शहरातले ग्राहक आणि कागद विकणाऱ्या कंपन्या यांच्याकडे आपण ताठ मानेने वाटा मागू शकू. कारखाना आपण शेअरचे पैसे आधी भरूनच उभा केला. इथेही पहिला रुपया आपलाच असावा.

सभेत यावर जरूर बोला.