जीआरच्या वर काय असते?

2021 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात एक-दोन गुंठ्यांचा प्लॉट घ्यायला निघालेल्या माणसाला दुय्यम निबंधक कार्यालयात एकच उत्तर मिळे : रजिस्ट्री बंद आहे. का, तर पुण्याहून परिपत्रक आले आहे. त्यावर पुढे कोणी काही विचारत नसे. परिपत्रक आले म्हणजे कायदाच आला, अशी आपल्याकडची समजूत.

नोंदणी महानिरीक्षकांचे ते परिपत्रक 12 जुलै 2021 चे. दोन एकरांच्या सर्व्हे नंबरमधून कोणी एक, दोन किंवा तीन गुंठे विकत असेल, तर मंजूर ले-आउट असल्याशिवाय दस्त नोंदवू नका, असे त्यात उदाहरण देऊन बजावले होते. हेतूला नावे ठेवण्यासारखे काही नव्हते. शेतीचे तुकडे पडू नयेत म्हणून 1947 पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. रस्ता नाही, नाली नाही, अशा जागी शंभराच्या बॉण्डवर घेतलेल्या प्लॉटची गत काय होते, हेही नांदेड-लातूरकरांना सांगायला नको. प्रश्न होता तो एवढाच, की दस्त अडवण्याचा अधिकार त्या कागदाला दिला कोणी?

नांदेड आणि लातूर ज्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतात, त्या खंडपीठाने 5 मे 2022 रोजी हे परिपत्रक रद्द केले. परिपत्रकाला ज्याचा टेकू होता, तो महाराष्ट्र नोंदणी नियम, 1961 मधला नियम 44(1)(आय) हाही त्याच्याबरोबर गेला.

हा निकाल नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण कायद्याची सगळी उतरंड त्यात दिसते. सर्वांत वर संविधान. त्याखाली संसदेने किंवा विधिमंडळाने केलेला अधिनियम. अधिनियमाने दिलेल्या अधिकारातून तयार होतात ते नियम आणि अधिसूचना. त्याखाली शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर, आणि जीआरच्या आसपास कुठेतरी परिपत्रक. बोलताना आपण या सगळ्यांनाच ‘कायदा’ म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. व्हिएन्नाचे कायदेपंडित हान्स केल्सन यांनी गेल्या शतकात मांडले होते, की प्रत्येक नियमाला त्याचे बळ वरच्या पायरीवरून मिळते. स्वतःचे असे बळ त्याला नसते. आपल्या तहसिलीत मात्र हिशेब उलटा चालतो. टेबलावर सर्वांत शेवटी आलेला कागद सर्वांत मोठा.

नोंदणी अधिनियम 1908 चा, केंद्राचा. त्याच्या कलम 69 खाली महानिरीक्षकांना नियम करता येतात. शासनाने मंजूर करून राजपत्रात छापले की हे नियम अधिनियमातच लिहिले आहेत असे मानावे, इथवर ते कलम जाते. पण नियम अधिनियमाशी सुसंगत हवेत, ही अट त्याच कलमात आधी घातली आहे. दस्त केव्हा नाकारायचा हे अधिनियमाने ठरवून दिलेले असताना नियमाने त्यात नवे कारण घुसवले, म्हणून नियम टिकला नाही. नियमच गेल्यावर परिपत्रक कशावर उभे राहणार? तामिळनाडूच्या नोंदणी नियमांतील असाच एक नियम सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये याच कारणावरून मोडीत काढला.

औरंगाबादच्या निकालानंतरचा गैरसमज मात्र लोकांच्या बाजूने झाला. ‘कोर्टाने तुकडेबंदी उठवली’ असे बोलले जाऊ लागले. न्यायालयाने तुकडेबंदीच्या अधिनियमाला हातही लावलेला नव्हता. दस्त नोंदवला गेला, तरी प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याची खरेदी त्या अधिनियमाच्या विरोधातच राहिली. म्हणून रजिस्ट्री हातात आणि सातबारावर नाव नाही, फेरफार अडकलेला, अशी अवस्था आली. हे प्रमाणभूत क्षेत्र 2023 मध्ये जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे असे ठरले. ते ठरवले अधिसूचनेने, आणि तसे ठरवण्याचा अधिकार अधिनियमानेच शासनाला दिलेला असल्यामुळे ती अधिसूचना भक्कम पायावर होती. परिपत्रकही सरकारी आणि अधिसूचनाही सरकारी. अधिसूचनेच्या पाठीशी अधिनियम होता, परिपत्रकाच्या नव्हता.

असे तुकडे नियमित करून घ्यायचे तर बाजारमूल्याच्या 25 टक्के रक्कम भरा, असे अधिनियम सांगत होता. ती 5 टक्के करायची ठरली, तेव्हा ऑक्टोबर 2024 मध्ये अध्यादेश काढावा लागला. जीआरने ते भागले नसते. राज्यपालांचा अध्यादेश अधिनियमाच्या बरोबरीचा असतो, मात्र विधिमंडळ पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याची मुदत संपते, म्हणून मागाहून सभागृहाची मोहोर घ्यावी लागते. जुलै 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी शहरी भागातील तुकडेबंदी हटवण्याची घोषणा विधानसभेत केली. मंत्र्याची घोषणा या उतरंडीत कुठेच बसत नाही, पण प्लॉटचे भाव वाढायला तेवढी पुरते.

मराठवाड्यात आणखी एक गुंता आहे. कायद्याचे वय आणि त्याचा मान यांचा इथे मेळ बसत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 372 ने जुने कायदे, बदलले किंवा रद्द केले जाईपर्यंत, चालू ठेवले. 1956 च्या राज्य पुनर्रचनेने प्रदेश एका राज्यातून दुसऱ्यात गेले, तरी तिथले कायदे तिथेच राहिले. त्यामुळे पुण्याच्या कुळाचा हक्क मुंबईच्या 1948 च्या अधिनियमात शोधायचा आणि नांदेडच्या कुळाचा 1950 च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमात. लातूर जिल्हा 1982 चा, उस्मानाबादेतून वेगळा झालेला. जिल्ह्याहून तिथला कुळकायदा बत्तीस वर्षांनी थोरला. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याचा कारभारही 1956 च्या स्वतंत्र अधिनियमाने चालतो. ‘हैदराबाद’ हे नाव पाहून हे कागद इतिहासजमा समजू नयेत. कालचा जीआर त्यांच्यापुढे धाकटाच आहे.

आता मराठा समाजाच्या कुणबी प्रमाणपत्रांसाठी काढलेल्या, 2 सप्टेंबर 2025 च्या हैदराबाद गॅझेटच्या जीआरकडे वळू. मुंबईच्या आझाद मैदानातल्या आरक्षणाच्या उपोषणाअखेर निघालेल्या या कागदाभोवती दोन्ही बाजूंनी एवढे बोलले गेले, की त्याची पायरी कोणती हे विचारायचे राहूनच गेले. ग्राममहसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची गावपातळीवर समिती, 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या वास्तव्याचे प्रतिज्ञापत्र आणि स्थानिक चौकशी, अशी कार्यपद्धती तो सांगतो. जात प्रमाणपत्र देण्याचा आणि पडताळण्याचा अधिनियम वेगळा आहे. जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर, हे त्याचे कलम 8. पडताळणी समितीही त्याच अधिनियमाची. जीआरमुळे पुरावा शोधणे सोपे होऊ शकते. पुराव्याची गरज संपत नाही. ज्यांना त्यात सगळे मिळाल्यासारखे वाटले आणि ज्यांना सगळे गेल्यासारखे वाटले, त्या दोघांनीही त्या कागदाला त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त मोजले, असे आमचे मत आहे.

त्याच्या कितीतरी वरच्या पायरीवरचा अधिनियमही पडू शकतो, याची आठवण ताजी आहे. मराठा आरक्षणाचा 2018 चा अधिनियम विधिमंडळाने केला, मुंबई उच्च न्यायालयाने तो टक्केवारी कमी करून उचलून धरला आणि 5 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो संविधानाच्या कसोटीवर रद्द केला. गुंठ्यांचा निकाल बरोबर वर्षाने, त्याच तारखेला लागला, हा निव्वळ योगायोग.

यावरून जीआर म्हणजे रद्दी, असे कोणी समजू नये. अतिवृष्टीची मदत, शिष्यवृत्ती, घरकुल हे सगळे जीआरवरच चालते आणि अनुच्छेद 162 खाली शासनाला तसा कारभार करण्याचा अधिकार आहे. नियमांत जिथे जागा मोकळी आहे तिथे शासकीय आदेशाने ती भरता येते, नियम मोडता मात्र येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच संतराम शर्मा यांच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे.

जीआरच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे छापलेले असते. ती ओळ पाहून छातीत धडकी भरते. अनुच्छेद 166 प्रमाणे ती केवळ कागद खरा असल्याची खूण आहे. त्याच कागदाच्या डोक्याशी ‘वाचा’ असा शब्द असतो आणि खाली आधीच्या अधिनियमांची, नियमांची, निर्णयांची यादी. हा कागद कोणाच्या जोरावर बोलतो, ते तिथे लिहिलेले असते. कधी त्या यादीत एकही अधिनियम सापडत नाही. असतात ते आधीचे चार जीआर.