मागचे दार कुठे आहे?



७ जून २०२१ च्या दुपारी मुळशी तालुक्यातल्या उरवडे येथे रसायनांच्या कारखान्यात आग लागली. १७ कामगार गेले. त्यांतल्या १५ बायका होत्या, पॅकिंगच्या कामावरच्या. आत पोचायला जेसीबीने भिंत फोडावी लागली. मृतदेहांची ओळख डीएनए तपासणीने पटवावी लागली. राज्याने ५ लाख, केंद्राने २ लाखांची मदत जाहीर केली, मालकाला अटक झाली, चौकशी समिती नेमली गेली. मग बातमी संपली.

८ डिसेंबर २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात पुन्हा तेच. वाढदिवसाच्या केकवर लावायच्या, ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या तिथे बनत होत्या. मरणाऱ्यांत पुन्हा बहुतेक बायकाच.

हा योगायोग नाही. हलके, बसून करायचे, 'बायकांचे' म्हणून जे काम कमी रोजावर दिले जाते, तेच पुष्कळदा स्फोटक मालाच्या सगळ्यात जवळचे असते. भरणे, मोजणे, चिकटवणे, खोक्यात घालणे. ड्रममध्ये काय आहे हे बाईला कोणी सांगत नाही, कारण तिला 'मदतनीस' धरलेले असते, कामगार नव्हे.

मध्यंतरी एका बचत गटाच्या बैठकीत मी बायकांना आपापल्या शेडचा नकाशा जमिनीवर खडूने काढायला सांगितले. मशीन, टेबल, सुपरवायझरची खुर्ची, पाण्याचा माठ, सगळे अचूक आले. मागचे दार मात्र एकीनेच काढले, आणि त्यापुढे खोक्यांची थप्पी काढली. "ताई, दार आहे की, पण ते उघडत नाही," ती म्हणाली. सगळ्या हसल्या. मला हसता आले नाही.

२५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यातही एक दार कुलूपबंद होते. १४६ जीव गेले, त्यांत १२३ बायका आणि मुली. खटल्यात मालक निर्दोष सुटले. पण गोष्ट तिथे थांबली नाही. दोनच वर्षांपूर्वी, १९०९ मध्ये, त्याच शहरातल्या शिलाई कामगार मुलींनी मोठा संप केला होता. त्यांची संघटना उभी होती, म्हणून शोकाचा मोर्चा झाला आणि मोर्चातून मागणी उभी राहिली. त्याच वर्षी चौकशी आयोग नेमला गेला. पुढच्या काही वर्षांत दारे, जिने, आगीची कवायत, कामाचे तास यांवर एकामागून एक कायदे झाले. आगीने कायदा बदलत नाही. आगीनंतर रस्त्यावर उभ्या राहिलेल्या बायकांनी तो बदलला.

आपल्याकडे कायद्याचे पाऊल उलटे पडले आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना ठरे. २०२० मध्ये मंजूर झालेल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सुरक्षा संहितेत ही संख्या २० झाली. विजेशिवायच्या ठिकाणी २० ची ४०. पंधरा बायकांचा गाळा आता कारखाना या व्याख्येतच बसत नाही. सरकारने धोकादायक म्हणून जाहीर केलेल्या कामांना संख्येची अट नाही, एवढी वाट संहितेत आहे. नियुक्तीपत्राची सक्तीही आहे. या दोन्ही गोष्टी आपण धरून ठेवल्या पाहिजेत.

म्हणून तीन कामे सुचवते. आपल्या भागातल्या गाळ्यांची आणि शेडची यादी गटागटाने करू: किती बायका, कोणता माल, दारे किती. रसायन आणि दारूकामाचे प्रत्येक काम, बाई एक असो वा दहा, धोकादायक धरावे, अशी निवेदने कामगार खात्याला देऊ. आणि नियुक्तीपत्र एकटीने नव्हे, सगळ्यांनी मिळून मागू. एकटीला उद्यापासून येऊ नको म्हणता येते, सगळ्यांना म्हणणे अवघड जाते.

नोकरी जाईल ही भीती खरी आहे, ती मी कमी लेखत नाही. पण ज्या घरातली बाई उरवड्याहून परतली नाही, तिथे रोजही गेला आणि बाईही गेली.

पुढच्या बैठकीत खडू घेऊन बसा. मागचे दार कुठे आहे ते विचारा. ते उघडते का, हेही विचारा.