लहान आतड्यातील लपलेली गाठ

मानवी पचनमार्गाचा सर्वांत लांब भाग म्हणजे लहान आतडे. त्याची लांबी साधारण ६ मीटर. तरीही पचनसंस्थेच्या एकूण कर्करोगांपैकी ५ टक्क्यांहून कमी कर्करोग तेथे उद्भवतात. ही दुर्मिळताच रुग्णाला महाग पडते. कारण जे क्वचित आढळते, त्याची शंका लवकर येत नाही.

लक्षणेही फसवी असतात. जेवणानंतर पोटात येणारी कळ, अधूनमधून उलटी, घटणारे वजन, वाढता थकवा. गाठीतून रक्त थेंबाथेंबाने झिरपते, ते डोळ्यांना दिसत नाही. तपासणीत मात्र हिमोग्लोबिन उतरलेले आढळते. घरात ‘वय झाले’ अशी समजूत घातली जाते, लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि रक्त जाते कोठे, हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

तोंडावाटे घातलेली नेहमीची दुर्बीण लहान आतड्याच्या आरंभापर्यंत, तर गुदमार्गाने घातलेली त्याच्या अखेरच्या टोकापर्यंतच पोहोचते. मधला प्रदेश दीर्घकाळ वैद्यकाच्या नजरेआड होता. २००१ च्या सुमारास दोन साधनांनी ही उणीव पुष्कळशी भरून काढली: इस्रायली अभियंता गॅव्रिएल इडान यांच्या कल्पनेतून साकारलेली, गिळता येणारी कॅमेऱ्याची कॅप्सूल आणि जपानचे डॉ. हिरोनोरी यामामोटो यांची दोन फुग्यांची दुर्बीण. कॅप्सूल केवळ चित्रे टिपते. या दुर्बिणीने तपासणीसाठी तुकडाही घेता येतो. आतडे अरुंद झाल्याचा संशय असल्यास कॅप्सूल अडकण्याचा धोका असतो. अशा वेळी सीटी स्कॅन उपयोगी पडतो.

अ‍ॅडिनोकार्सिनोमासारखी गाठ इतरत्र पसरली नसेल, तर शस्त्रक्रिया हाच मुख्य आधार. शल्यचिकित्सक गाठीसह दोन्ही बाजूंचा थोडा निरोगी भाग आणि आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातील लसिकाग्रंथी काढतात व उरलेली टोके जोडतात. मोजका भाग काढला असेल, तर उरलेले आतडे सहसा पचनाचे काम निभावून नेते. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर गाठीचा प्रकार निश्चित होतो. कोणाला केमोथेरपी, तर ‘जिस्ट’ प्रकारातील अनेकांना इमॅटिनिबची गोळी दिली जाते.

दोन्ही नेहमीच्या दुर्बिणींचे अहवाल निर्दोष असूनही हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर कुटुंबीयांनी डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा: लहान आतडे तपासले आहे का?