धंद्यालाही ओळंबा लावा

तुमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये असा एक मित्र नक्की असतो. इन्स्टाच्या बायोमध्ये 'फॅमिली बिझनेस : कन्स्ट्रक्शन', गाडीच्या मागच्या काचेवर आडनाव, आणि लेक्चर बंक करायचं कारण ठरलेलं : "साइटवर स्लॅब आहे रे आज." महाळुंग्यात तर असे मित्र गल्लीगणिक भेटतील. चाकणजवळचं महाळुंगे नाही म्हणत मी. मुळशी तालुक्यातलं, बालेवाडीला खेटून असलेलं आपलं महाळुंगे.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इथं काय झालं ते तुमच्या घरातच कुणीतरी सांगेल. शेजारी हिंजवडीत आयटी आली, जमिनीचे भाव चढले, पीएमआरडीएची माण-महाळुंगे नगररचना योजना आली, २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं. कुणी जमीन विकली, कुणी डेव्हलपमेंटला दिली. हाती आलेल्या पैशाचं पुढं काय होऊ शकतं, ते 'मुळशी पॅटर्न'मध्ये आपण २०१८ साली पाहिलं. पण बऱ्याच घरांनी तो पैसा उडवला नाही. त्यांनी जेसीबी घेतला, खडी-क्रश सँडचा सप्लाय सुरू केला, लेबर कॉन्ट्रॅक्ट घेतलं आणि हळूहळू स्वतःच्या बिल्डिंगा उभ्या केल्या. त्यांच्यावर सिनेमा निघत नाही. मला आज त्यांच्या मुलामुलींशी, म्हणजे तुमच्याशी बोलायचंय. बाकीच्यांनीही थांबा, तुम्ही उद्या फ्लॅट घेणारच आहात.

यंदाचं टार्गेट काय?

आज रात्री जेवताना वडिलांना विचारून बघा, "पप्पा, यंदाचं टार्गेट काय?" उत्तर बहुतेक असं येईल : "गेल्या वर्षी दोन बिल्डिंगा केल्या, यंदा चार करायच्या." ही भूक झाली, आणि धंदा करणाऱ्याला ती हवीच. पण चार बिल्डिंगा करताना गेल्या वर्षीपेक्षा चांगलं काय करणार, हे त्या वाक्यात कुठंच येत नाही. दोन बिल्डिंगांत ज्या चुका झाल्या, त्या चारमध्ये दुप्पट होतील एवढीच त्याची हमी.

माझं म्हणणं सरळ आहे. बांधकामाच्या धंद्याने दरवर्षी सुधारणेची तीन-चारच उद्दिष्टं ठरवावीत. ती मोजता येतील अशी असावीत. आणि ती टर्नओव्हरपासून सुरू न होता, गेल्या वर्षी आपण काय तोडून पुन्हा बांधलं आणि कोण पडता पडता वाचलं, इथून सुरू व्हावीत.

मी स्वतः डिप्लोमा करून साइट इंजिनिअर म्हणून लागलो आणि आता छोटी कामं घेतो. पहिल्या वर्षीची गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. दुसऱ्या मजल्यावर बाहेरच्या गिलाव्याला बांधलेल्या पराचीवरची फळी सरकली. एकोणीस-वीस वर्षांचा बिगारी घसरला आणि खाली वाळूच्या ढिगावर पडला. खरचटलं फक्त. सगळे हसले, मुकादमाने त्याला चहा पाजला आणि काम परत चालू झालं. मीही हसलो होतो. तीन आठवड्यांनी त्याच पराचीवरून दुसरा माणूस पडला. तोवर वाळूचा ढीग वापरून संपला होता. त्याचा पाय मोडला आणि तो गावी गेला, तो परत कामावर आला नाही. पहिल्या दिवशी कुणी वहीत एक ओळ लिहिली असती, "फळी बांधलेली नव्हती", तर दुसऱ्या दिवशी फळी बांधली गेली असती. ती ओळ लिहायचं काम खरं तर माझं होतं.

चूक पोत्यात मोजा

"आम्हाला अनुभव आहे, वही कशाला?" हे वाक्य तुम्हाला घरी ऐकायला मिळेल. तेव्हा वाद घालू नका, हिशेब मांडा.

गवंड्याच्या पिशवीत ओळंबा असतो. भिंत सरळ आहे का ते बघायला तो दोरीला बांधलेलं वजन खाली सोडतो. घाईत ओळंबा लावला नाही, भिंत थोडी कलली, तर ती कुणी पाडत नाही. वरून जाड गिलावा मारून चूक झाकतात. आता समजा, हजार चौरस मीटर भिंतीवर गिलावा ठरल्यापेक्षा फक्त दहा मिलिमीटर जाड बसला. म्हणजे दहा घनमीटर मसाला जास्त लागला. एकास चारच्या मसाल्यात त्याची साधारण सत्तर-पंचाहत्तर पोती सिमेंट होतात. वाळू आणि मजुरी वेगळी. शिवाय जवळजवळ वीस टन फुकटचं वजन ती इमारत जन्मभर अंगावर घेऊन उभी राहणार. हे नुकसान कुठल्याच बिलात 'चूक' म्हणून दिसत नाही. ते 'सिमेंट' या रकान्यात गपचूप बसतं. मोजलं तरच ते बाहेर येतं.

म्हणून पहिलं उद्दिष्ट हे : वर्षभरात जे जे तोडून पुन्हा केलं, त्याची नोंद. चुकलेला दरवाजा, टाइल लावल्यावर फोडलेली भिंत, पाइप राहिला म्हणून कोरलेला स्लॅब. प्रत्येकापुढे कारण आणि खर्च. पहिल्या वर्षी काही सुधारायला जाऊ नका, नुसतं मोजा. आपण कुठं उभे आहोत तेच माहीत नसेल, तर 'निम्म्यावर आणू' म्हणण्याला अर्थ नाही. दुसऱ्या वर्षी त्यातली सगळ्यात महाग पडलेली दोन कारणं निवडा आणि फक्त त्यांच्यामागे लागा.

दुसरं उद्दिष्ट, शब्द पाळायचं. दर सोमवारी प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सेंट्रिंगवाला आणि फिटर यांना एकत्र उभं करा. शनिवारपर्यंत कोण काय पूर्ण करणार ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. शनिवारी मोजा : दहा शब्दांपैकी किती पाळले? राहिलेल्यांपुढे कारण लिहा. माल आला नाही, ड्रॉइंग मिळालं नाही, आधीच्या माणसाने जागा मोकळी केली नाही. जगभर 'लीन कन्स्ट्रक्शन' नावाने जे शिकवतात, त्यातलं एक मुख्य माप हेच आहे. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही, पांढरा फळा पुरतो. सहा महिन्यांनी लक्षात येतं, की बहुतेक उशीर आळसामुळे होत नाही; एकाचं काम दुसऱ्यावर अडलेलं असतं आणि ते कुणी बघितलेलंच नसतं.

तिसरं, पाणी. स्लॅब भरला की पाणी मारायला माणूस लागतो, आणि सगळ्यात आधी दांडी पडते ती तिथंच. आयएस ४५६ हे आपलं काँक्रीटचं मानक साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओलावा राखायला सांगतं. मिश्र सिमेंट असेल किंवा हवा कोरडी-गरम असेल तर किमान दहा. तुमच्या साइटवर किती दिवस पाणी मारलं जातं? तारीखवार लिहिलेलं आहे का? आणि दुसऱ्या टोकाला, ताबा दिल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात किती फ्लॅटमधून गळतीचा फोन आला? हा आकडा तर मुळशीत राहणाऱ्या प्रत्येक बिल्डरने पाठ करावा. रेरा कायद्यात ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा आहे. म्हणजे आज वाचवलेला पाण्याचा टँकर पाच वर्षांच्या उधारीवर असतो.

आकडा वाढला तर पेढे वाटा

चौथं उद्दिष्ट माणसाचं. ते शेवटी लिहिलंय, पण ठरवताना सगळ्यात आधी घ्या.

२९ जुलै २०१६ ला महाळुंग्याच्या शेजारी, बालेवाडीत, एका इमारतीचा वरच्या मजल्यावरचा स्लॅब भरताना कोसळला आणि नऊ मजूर गेले. जून २०१९ मध्ये कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली; पंधरा जण गेले, त्यात लहान मुलंही होती. तुमच्यातले काही तेव्हा शाळेत होते. त्या बातम्या तुम्ही विसरला असाल, पण त्या माणसांच्या घरी त्या संपलेल्या नाहीत.

मग 'यंदा शून्य अपघात' असं उद्दिष्ट लिहायचं? इथं सावध राहा. शून्याचं टार्गेट दिलं आणि त्यावर मुकादमाचं बक्षीस ठेवलं, तर अपघात कमी व्हायच्या आधी अपघात सांगणं कमी होतं. डोक्याला खोक पडलेला माणूस गुपचूप खोलीवर पाठवला जातो. त्याऐवजी 'थोडक्यात वाचलो'ची नोंद ठेवा. फळी सरकली, वीट वरून पडली पण कुणाला लागली नाही, वायर उघडी होती, शटरिंगचा टेकू हलला. पहिल्या वर्षी हा आकडा वाढला पाहिजे. वाढला तर पेढे वाटा, कारण माणसं बोलायला लागली. सांगणाऱ्याला शिवी पडली नाही तरच तो उद्या पुन्हा सांगेल. दुसऱ्या वर्षापासून बघायचं, की तीच फळी पुन्हा तर सरकत नाहीये ना.

याला जोडून एक साधी मोजणी. आपल्या साइटवरच्या किती मजुरांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी आहे? वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराला ती करता येते. त्यासाठी लागणारा कामाचा दाखला मालक-ठेकेदार देऊ शकतो. एका सहीचं काम आहे.

"हे मोठ्यांचे चोचले"

"आमच्याकडे पंधरा माणसं, ही थेरं मोठ्या कंपन्यांना परवडतात," असं काका म्हणतीलच. त्यांना महाळुंगे-बालेवाडीचं स्टेडियम दाखवा. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलेलं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल बी. जी. शिर्के यांच्या कंपनीने बांधलं. शिर्के वाईजवळच्या पसरणीचे, गरीब शेतकरी घरातले. पुण्यात इंजिनिअर झाले आणि छोट्या कामांपासून सुरुवात केली. २००३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कंपनीची कारखान्यात भाग तयार करून साइटवर जोडायची पद्धत '३-एस' नावाने ओळखली जाते : स्ट्रेंग्थ, सेफ्टी, स्पीड. मजबुती, सुरक्षितता, वेग. यात साइज नाही. कंपनी मोठी झालीच, पण नाव ठेवताना या तीन गोष्टी निवडल्या गेल्या, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि पंधरा माणसांच्या साइटवर हे जास्त सोपं आहे. तिथं मालक रोज येतो, मिस्त्री सगळ्यांना नावाने ओळखतो. मोठ्या कंपनीत वही वरपर्यंत पोचायला महिना जातो. तुमच्याकडे ती संध्याकाळच्या चहाबरोबर पोचते.

मग कधी ठरवायचं?

एक जानेवारीला नको. बांधकामाचं वर्ष तेव्हा सुरूच होत नाही. आपलं वर्ष पावसावर आणि मजुरांच्या गावावर चालतं. जूनमध्ये कामं मंदावतात, दिवाळी-छठला आणि पुन्हा होळीला माणसं गावी जातात. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा होते, मग खंडेनवमीला आपण मिक्सर, थापी, ओळंब्याला झेंडूची फुलं वाहतो. पाऊस ओसरत असतो, गळती कुठं झाली ते ताजं दिसत असतं, मोठी कामं धरायची असतात. उद्दिष्टं ठरवायला याहून चांगला आठवडा नाही. चार ओळी लिहायच्या. प्रत्येकीपुढे एक आकडा, एका माणसाचं नाव आणि तारीख. 'क्वालिटी सुधारणे' असली ओळ आली तर खोडून टाका. तिला आकडाही नाही आणि मालकही नाही. लिहिलेला कागद केबिनमध्ये नको, मिस्त्रीला दिसेल तिथं चिकटवा, आणि हिंदीतही लिहा.

यात तुमचं काम काय? वही. वडिलांना वेळ नाही, मुकादमाला लिहायचा कंटाळा आहे आणि मिस्त्री स्वतःची चूक लिहिणार नाही. तुम्ही सिव्हिलला असा, कॉमर्सला असा नाहीतर बीएला, मोजणं आणि लिहिणं तुम्हाला येतं. शनिवारी संध्याकाळी एक तास साइटवर जा. हेल्मेट घाला, सेल्फी काढा हवा तर. मग चार प्रश्न विचारा : या आठवड्यात काय तोडलं? कुठला शब्द राहिला? पाणी कधी मारलं? कोण थोडक्यात वाचलं?

पहिले दोन शनिवार सगळे म्हणतील, "काही नाही, सगळं ओके." तिसऱ्या शनिवारी कुणीतरी हळूच सांगेल, की ती मागची फळी हलतेय. तेवढं लिहा, आणि घरी जायच्या आधी ती बांधून घ्या.