मैत्रीचे वर्ग आणि मातीचे किल्ले

पौगंडावस्थेतील मुलांच्या एकलकोंडेपणावर इलाज सुचविताना एका विद्वान गृहस्थांनी नुकताच असा निकाल दिला आहे की, समान आवड हा मैत्रीचा कच्चा पाया होय. आवड पालटली की मैत्री ढासळते. सबब मैत्रीच्या वर्गात मुलांना वर्तुळात बसवून थेट मन मोकळे करावयास शिकवावे आणि छंदांना, निदान दहावीपर्यंत, रजा द्यावी. मोठ्यांनी जुळविलेली मैत्री कृत्रिम असते, ही त्यांची आणखी एक तक्रार.

वर्तुळ आखून देणारे मोठे नव्हेत काय? दहावीच्या वर्षातही दिवाळीची सुट्टी असतेच. आणि आवड पालटते म्हणे. मग चौदाव्या वर्षीचा स्वभाव ताम्रपटावर कोरलेला असतो की काय?

परंतु ‘थेट बोला’ या फर्मानाचा समाचार सविस्तर घेणे प्राप्त आहे. ज्याला बोलता येते त्याला या वर्गाची गरज नसते, आणि ज्याला गरज असते तो, अनोळखी समवयस्कांसमोर जबानीला उभे केल्याप्रमाणे, पायाच्या अंगठ्याकडे पाहत सुटकेची वाट पाहतो. आमच्या आळीत गेल्या दिवाळीत पोरे राजगड रचीत होती. पोत्यांवर चिखल थापून झाला, पद्मावती माची उत्तरेस नि सुवेळा पूर्वेस ठरली, आणि संजीवनीची पाळी येताच, तोवर मुकाट्याने विटा वाहणारा एक नवागत मुलगा एकाएकी म्हणाला, “इथे तट एकेरी नाही रे, दुहेरी आहे; चिलखती बुरूज हवेत.” तंटा पेटला, पुस्तक आणले गेले, अर्धी माची मोडून पुन्हा उभारली, आणि सायंकाळी अळीव पेरताना तोच मुलगा, कोणी न पुसता, वडिलांच्या बदलीविषयी नि मागे राहिलेल्या शाळेविषयी बोलत होता. (प्लास्टरचा तयार किल्ला विकत आणून अंगणात मांडणाऱ्यांशी मी पूर्वीच भांडून चुकलो आहे; त्या किल्ल्यावर मावळे उभे राहतात, पण भोवती भांडायला पोरे जमत नाहीत, हे माझे म्हणणे अद्याप कोणी खोडलेले नाही.)

मग वडीलधाऱ्यांनी करावे काय? एका आवडीच्या मुलांना परस्परांचा पत्ता नसेल, तर निरोप पोहोचवावा. कोपरा आणि माती द्यावी, किल्ल्यांत रस नसेल त्याला बुद्धिबळाचा पट द्यावा. घमेली मुलांहून थोडी कमीच ठेवावीत, म्हणजे मागण्यादेण्यातून बोलणे सुरू होते. आणि मग आपण निमूटपणे घरात जावे. उपाय किरकोळ आहे, हे मान्य. त्याची फी आकारता येत नाही, हा दोष मात्र विद्वानांनीच मोजावा.